दीडशे वर्षांची ढोली

गुरुवार : हील्सव्हिल

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या राज्यप्राण्याचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. लेडबीटर्स पॉसम हे त्याचं नाव. पोटाला पिशवी असलेला, झाडाच्या ढोलीत राहणारा, रात्रीच बाहेर पडणारा जीव. जगात तो जवळजवळ फक्त याच राज्यात आहे, तोही मुख्यतः मेलबर्नच्या ईशान्येला असलेल्या डोंगरांमध्ये. मेलबर्नमध्ये राहायला आल्यापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत होते. या मार्च महिन्यात दादा साताऱ्याहून आला. कोयनेच्या जंगलात वनपाल म्हणून त्याची अख्खी नोकरी गेली. त्याला इथलं शहर दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

"आपलं शेकरू दीड-दोन किलोचं तरी भरतं. सव्वाशे ग्रॅमचा राज्यप्राणी म्हणजे दिसायचा कसा?" असं त्यानं फोनवरच विचारलं होतं. दिसायला अवघड आहे, हे मी कबूल केलं. तरी तो लगेच तयार झाला.

मेलबर्नहून हील्सव्हिल तासाभराच्या अंतरावर. वाटेत यारा खोऱ्यातले द्राक्षमळे लागतात आणि मग डोंगर सुरू होतात. गावाबाहेरचं प्राणिसंग्रहालय 1934 पासूनचं. बदकचोच्या प्लॅटिपसची पैदास माणसाच्या देखरेखीखाली सर्वांत आधी इथेच झाली, 1943 साली. लेडबीटर्स पॉसमची वीण वाढवण्याचं कामही इथे चालतं. पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय, म्हणून मी संध्याकाळकडे वळते.

संध्याकाळी आम्ही गावातल्या एका बाईंकडे गेलो. जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करण्याचा परवाना त्यांच्याकडे आहे. आठवड्यापूर्वी शेजारच्या मांजरानं तोंडात धरून आणलेला एक फेदरटेल ग्लायडर त्यांच्याकडे होता. हवेत तरंगत जाणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये याच्याहून लहान कुणी नाही. वजनकाट्यावर बारा ग्रॅम भरला. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सात सेंटिमीटर, आणि शेपटी जवळपास तेवढीच. त्या शेपटीच्या दोन्ही कडांना ताठ केसांची सरळ रांग असते, त्यामुळे ती हुबेहूब पिसासारखी दिसते.

बाईंनी लोकरीच्या टोपीची घडी उलगडली. आत तो गोळा होऊन पडला होता, कान मिटलेले, अंग थंडगार. मेला की काय, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "ग्लानीत आहे." थंडी पडली किंवा खायला कमी मिळालं की हे प्राणी शरीराचं तापमान उतरवून निपचित पडतात. तसे ते सलग काही दिवसही राहू शकतात. इतक्या लहान अंगातली ऊब झपाट्यानं निघून जाते, त्यामुळे ऊर्जा वाचवायला हाच मार्ग. दुपारपासून त्याला उबेत ठेवलं होतं. हळूहळू श्वास वाढला, मिशा हलायला लागल्या, डोळे उघडले. मग टोपीतून निघून तो काचेच्या पेटीच्या भिंतीवर सरसर चढला. उभ्या, गुळगुळीत काचेवर. पलीकडून पाहिलं तर त्याच्या बोटांच्या टोकांच्या रुंद गाद्या दिसत होत्या. त्यांच्यावर बारीक खाचा असतात, आणि ओलाव्यामुळे गाद्या काचेला धरून राहतात. दादा नाक काचेला लावून बराच वेळ तसाच बसला. खायला दिलेलं मकरंदाचं द्रावण ग्लायडरनं लांब जिभेनं चाटून संपवलं. जिभेवर केसांसारखे बारीक तंतू असतात, फुलातला मकरंद आणि पराग दोन्ही त्यांवर येतात.

असे प्राणी इथल्या शहरांच्या कडेच्या बागांमध्येसुद्धा राहतात, पण मांजरानं आणून टाकल्याशिवाय घरातल्यांना त्यांचा पत्ता नसतो. बाईंची एकच विनंती होती की रात्री मांजर घरात ठेवा. ती मी इथे मुद्दाम नोंदवते.

शुक्रवार : ब्लॅक स्पर, मेरिसव्हिल, कँबरव्हिल

हील्सव्हिलहून नारबेथाँगकडे जाणारा घाट म्हणजे ब्लॅक स्पर. दोन्ही बाजूंना माउंटन ॲश. हा निलगिरीचाच एक प्रकार, आणि फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी एक. टास्मानियातलं एक झाड शंभर मीटरच्या आसपास उंच मोजलं गेलं आहे. खोड फांद्यांविना सरळ वर जातं. जुनी साल वरून लांब पट्ट्यांनी सुटते आणि खाली लोंबत राहते. खाली वृक्षनेच्यांची दाटी. मान मागे टाकून पाहिलं तरी शेंडा नजरेत येत नाही.

दादानं गाडी थांबवायला लावली. खिशातून टेप काढून छातीच्या उंचीवर एका झाडाचा घेर मोजला, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. कोयनेतली सवय. मग म्हणाला, "अगं, ही सगळी एकाच वयाची आहेत."

त्यानं नेमकं ओळखलं होतं. 13 जानेवारी 1939 ला, ज्याला इथे ब्लॅक फ्रायडे म्हणतात, व्हिक्टोरियात जवळजवळ 20 लाख हेक्टर भूभाग जळला आणि 71 माणसं गेली. या डोंगरांतलं बरंचसं जंगल त्या वणव्यानंतर उगवलेलं आहे. बाकीच्या बहुतेक निलगिऱ्या आगीनंतर खोडातून पुन्हा फुटतात. माउंटन ॲश फुटत नाही. मोठ्या आगीत ते मरतं, पण शेंड्यावरच्या फळांतून बी खाली राखेत पडतं आणि लाखो रोपं एकदम वर येतात. म्हणून सगळ्यांचं वय एक.

लेडबीटर्स पॉसमची सगळी गोष्ट या झाडाच्या वयात अडकलेली आहे. त्याला राहायला ढोली लागते, आणि ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीत. खोड पोखरून ढोली करून देणारं कुणी नाही. फांदी मोडते, तिथे बुरशी शिरते, वाळवी आतून पोखरते, आणि दशकानुदशकं हे चालल्यावर आत पोकळी तयार होते. माउंटन ॲशमध्ये ढोल्या धरायला शंभर-सव्वाशे वर्षं लागतात, आणि पॉसमच्या कुटुंबाला पुरेल अशी ऐसपैस ढोली व्हायला दीडशेच्याही पुढे. 1939 नंतरची झाडं अजून नव्वदीतसुद्धा पोचलेली नाहीत.

मग इतकी वर्षं ते राहिले कुठे? जळून मेलेल्या झाडांत. 1939 च्या आगीत जुने प्रचंड वृक्ष मेले, पण पडले नाहीत. पांढरे पडलेले, शेंडा तुटलेले हे सांगाडे उभेच राहिले. इथले लोक त्यांना 'स्टॅग' म्हणतात. त्यांच्यात ढोल्या आधीपासूनच होत्या. आणि भोवती नव्या जंगलात बाभळीच्या कुळातल्या वॅटलची दाट वाढ झाली, म्हणजे खायलाही मिळालं. मेलेल्या झाडांत घर आणि कोवळ्या झाडांत जेवण, असा योग जुळून आला. पुढच्या काही दशकांत पॉसम या डोंगरांत बऱ्यापैकी पसरले ते यामुळे. आता ते सांगाडे कुजून एकेक करून कोसळताहेत, आणि नव्या झाडांना ढोल्या धरायला अजून कित्येक दशकं आहेत. मधल्या काळात या प्राण्यानं राहायचं कुठे, हा आजचा खरा प्रश्न आहे. न जळलेलं, न तोडलेलं जुनं माउंटन ॲशचं जंगल जेमतेम एक-दोन टक्के उरलं आहे.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडं वाळकं झाड आधी काढायचे. उभं वाळकं म्हणजे जळण, असाच हिशेब. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली लागते, हे सगळ्यांना ठाऊक. पण ढोली असलेलं झाड म्हणून त्याची वेगळी नोंद ठेवायची, हे कुणी शिकवलं नव्हतं."

मेरिसव्हिलला दुपारचं जेवण केलं. नवं, नीटनेटकं गाव. 7 फेब्रुवारी 2009 ला, ब्लॅक सॅटर्डेच्या दिवशी, हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं. त्या दिवशी मेलबर्नमध्ये पारा 46.4 अंशांवर गेला होता. मी तेव्हा शहरात नवी होते. दुपारी खिडकीबाहेर आकाश तपकिरी झालेलं मला आठवतं. राज्यभरात 173 माणसं गेली. गावातल्या स्मारकापाशी आम्ही थांबलो. प्राण्यांबद्दल तिथे बोलावंसं वाटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत कँबरव्हिलला पोचलो. एकेकाळी इथे सोन्याच्या खाणकामगारांची आणि लाकूडतोड्यांची वस्ती होती. आता फक्त मोकळी जागा, टेबलं आणि पायवाटा. पण या प्राण्याच्या इतिहासात ही जागा मोठी आहे. 1867 मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे पहिले संचालक फ्रेडरिक मकॉय यांनी या पॉसमचं शास्त्रीय वर्णन केलं आणि संग्रहालयात पेंढा भरणाऱ्या जॉन लेडबीटर यांचं नाव त्याला दिलं. पुढच्या चाळीसेक वर्षांत मोजकेच नमुने हाती लागले, ते मुख्यतः दक्षिणेकडच्या सखल दलदलीच्या प्रदेशातून. दलदली आटवून शेती झाली. 1909 नंतर एकही नमुना मिळाला नाही आणि प्राणी नामशेष झाला असं लोक धरून चालले. मग 3 एप्रिल 1961 च्या रात्री एरिक विल्किन्सन या तरुण निसर्गअभ्यासकाला या कँबरव्हिलच्या परिसरात तो जिवंत दिसला. बावन्न वर्षांनी! दहा वर्षांत, 1971 मध्ये, तो राज्याचा मानचिन्हप्राणी झाला.

इथली कंबरलँड पायवाट चुकवू नये. आगीतून वाचलेले जुने माउंटन ॲश तिथे आहेत. एक तर चौऱ्याऐंशी मीटर उंचीचा. या झाडांचा घेर मोजायला दादाचा टेप पुरला नाही. शेंड्याकडे मोडलेल्या फांद्यांच्या जागी काळी भोकं दिसतात. दुर्बिणीतून दादा एकेक भोक दाखवत होता आणि आपण काल-परवापर्यंत काय शोधत होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ कळलं. ओल्या पाचोळ्यातल्या जळवांची मात्र तयारी ठेवावी.

शनिवार : लेक माउंटन, आणि मग रात्र

सकाळी लेक माउंटनला गेलो. 1433 मीटर उंची, हिवाळ्यात बर्फ, आणि माथ्यावर स्नो गम नावाची ठेंगणी, वाकडी निलगिरी. 2009 पूर्वी इथे लेडबीटर्स पॉसमची मोठी वस्ती होती. आगीनंतर मूठभर उरले. पांढरी मेलेली खोडं अजून उभी आहेत, आणि प्रत्येकाच्या बुडाशी नव्या फुटव्यांचा झुबका. स्नो गम असं बुडातून पुन्हा फुटतं. गार वाऱ्यात तासभर फिरून खाली उतरलो.

दुपारी मेरिसव्हिलजवळच्या एका ओढ्याकाठी वॅटलची झाडं पाहिली. एका खोडावर डोळ्याच्या पातळीवर सालीला तिरप्या, उथळ खाचा होत्या आणि त्यांतून गोठलेला तांबूस डिंक. दादानं नखानं एक खडा काढला, वास घेतला आणि जिभेवर ठेवला. "बाभळीचाच की. चव जराशी तुरट." साताऱ्यातलं आमचं आजोळ म्हणजे हिवाळ्यात डिंकाचे लाडू वळणारं घर, त्यामुळे मलाही राहवलं नाही. लेडबीटर्स पॉसम सालीला चावे घेऊन खाचा पाडतो आणि पाझरणारा डिंक नंतर येऊन चाटतो. त्या खाचा त्यानंच पाडलेल्या होत्या का, ते ठरवता येत नाही, कारण शुगर ग्लायडरही हेच करतो. ऊर्जेची भूक डिंकावर भागते, प्रथिनांसाठी कीटक लागतात. माउंटन ॲशच्या लोंबणाऱ्या सालीच्या पट्ट्यांखाली रातकिडे आणि कोळी दडून बसलेले असतात, ते तो उकरून खातो. काल घाटात ज्या पट्ट्या आम्ही नुसत्या सुंदर म्हणून पाहिल्या, ते त्याचं स्वयंपाकघर निघालं.

आता संध्याकाळ. इथल्या स्वयंसेवकांचा एक गट स्टॅगवर पाळत ठेवून मोजणी करतो. पद्धत साधी आहे. सूर्यास्ताच्या आधी प्रत्येकानं एकेका ढोलीवाल्या झाडापासून थोडं दूर बसायचं, शेंडा आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसेल असं. काळोख पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही, दिवा लावायचा नाही. कोणत्या भोकातून किती वाजता कोण निघालं आणि कोणत्या दिशेनं गेलं, एवढंच लिहायचं. वारा असला तर मोजणी रद्द, कारण मेलेल्या झाडाच्या फांद्या केव्हाही खाली येतात. त्या दिवशी पानही हलत नव्हतं. पाहुणे म्हणून आम्हा दोघांना मिळून एक झाड दिलं.

झाड म्हणजे तीसेक मीटरचा पांढरा सुळका. शेंडा तुटलेला, मधोमध चीर, आणि चिरेच्या वर एक लांबट भोक. भोवती वॅटलचे शेंडे त्याच्या कमरेपर्यंत आलेले. आम्ही चटईवर आडवे झालो. अंगावर दोन-दोन स्वेटर. खालच्या दरीत एक लायरबर्ड इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला करत होता, तोही थांबला. रंग गेले, फक्त आकार उरले.

सूर्यास्त होऊन वीसएक मिनिटं झाली असतील. भोकाच्या कडेला काहीतरी गोल दिसलं, जे मघाशी नव्हतं. दादाचं कोपर माझ्या दंडाला लागलं. ते डोकं होतं. मोठे कान, इकडे तिकडे फिरणारे. मिनिटभर ते तसंच राहिलं. घुबड हा यांचा मोठा शत्रू, त्यामुळे घाई करून चालत नाही. मग एकदम तो प्राणी बाहेर आला आणि खोडावरून डोकं खाली करून सरळ धावत सुटला. शेपटी स्पष्ट दिसली. मुळाशी बारीक, टोकाकडे जाड होत गेलेली. हीच खूण. ग्लायडर असता तर त्यानं हातपाय पसरून झेप घेतली असती आणि तरंगत गेला असता. लेडबीटर्स पॉसम ग्लायडरांच्या जवळच्या नात्यातला असूनही त्याला तरंगायला लागणारा पडदा नाही. तो धावतो आणि उड्या मारतो. याने दीडेक मीटरची उडी मारली, वॅटलच्या फांदीला लागला, फांदी हलली, आणि तो गेला.

त्याच्या मागोमाग दुसरा आला, आणि लगेच तिसरा. दुसऱ्यानं बाहेर येऊन भोकाच्या वर चढून पाहिलं, तिसरा थांबलाच नाही. सगळं मिळून दोन मिनिटांचा खेळ.

अंधार पडल्यावर गटातल्या एका अनुभवी बाईंनी आमचा कागद पाहिला आणि आम्हाला या घरची रीत सांगितली. ढोलीच्या आत सालीच्या तंतूंचा गोल गुंडा असतो, त्यात सगळं कुटुंब एकमेकांना बिलगून झोपतं. कधी कधी बारा-बारा जणांपर्यंत. वीण मात्र एकाच जोडीची होते, आणि ती जोडी कायमची. एका वेळी एक किंवा दोन पिल्लं, साधारण तीन महिने आईच्या पिशवीत. हद्द एक ते तीन हेक्टरांची, आणि ती राखण्यात मादी पुढे. परकी मादी आत आली तर ती तुटून पडते. मुली मोठ्या होऊ लागल्या की त्यांनाही लवकर घराबाहेर काढते, मुलगे मात्र जास्त काळ घरी राहतात. बाहेर पडलेल्या तरुण मादीला नवी ढोली शोधावी लागते. आज तिच्यापुढचा धोका हाच, कारण रिकामी ढोली जवळपास असतेच असं नाही, आणि तिथवर जायला फांदीला फांदी लागलेली सलग वाट हवी.

"म्हणजे झाडं आहेत की नाहीत, एवढं मोजून भागत नाही," दादा म्हणाला. "कोणत्या वयाची आहेत आणि एकमेकांना लागून आहेत का, तेही मोजायला हवं." नोंदवहीत त्यानं मराठीत वेगळा रकाना आखला होता : ढोल्या.

परतताना दूर कुठेतरी यलो-बेलीड ग्लायडरची घरघरती किंकाळी ऐकू आली. मोठा आवाज, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दचकवणारा.

रविवार : येलिंगबो

घरी परतताना वाट वाकडी करून येलिंगबोला गेलो. मेलबर्नपासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर. इथे डोंगर नाही, माउंटन ॲश नाही. ओढ्याकाठची दलदल, तिच्यात उभी स्वॅम्प गम नावाच्या निलगिरीची झाडं. 1986 मध्ये याच सपाटीवर लेडबीटर्स पॉसमची एक वेगळीच वस्ती सापडली, डोंगरातल्यांपेक्षा आनुवंशिक दृष्ट्या निराळी. सुरुवातीला तो ज्या सखल प्रदेशातून मिळाला, तशा सखल भागातल्या वस्त्यांपैकी ही शेवटची उरलेली. आता चाळीसही उरलेले नाहीत. हेल्मेटेड हनीईटर हा व्हिक्टोरियाचा राज्यपक्षीसुद्धा मुख्यतः इथेच तग धरून आहे. राज्याची ही दोन मानचिन्हं एकाच ओल्या पट्ट्यात जगताहेत. आतल्या भागात कुणालाही सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आम्ही कुंपणाबाहेरून पाहिलं.

स्वयंसेवकांनी ओळीनं लावलेली रोपं संरक्षक नळ्यांमधून वर आली होती. मोठ्या झाडांवर घरट्यासाठी पेट्या टांगलेल्या होत्या. पेट्या हा तात्पुरता उपाय. त्या कुजतात, बदलाव्या लागतात. आता यंत्रकरवतीनं जिवंत खोडातच पोकळी कोरून पुढे फळी बसवायची पद्धतही वापरतात. अशा पोकळ्या जास्त टिकतात आणि आतलं तापमानही सांभाळतात. दादाला यात फार रस होता. फळीची जाडी, भोकाचा व्यास, तोंड कोणत्या दिशेला, सगळं त्यानं कुंपणापाशी भेटलेल्या एका स्वयंसेवकाला विचारून लिहून घेतलं.

लेडबीटर्स पॉसमला ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं 2015 मध्ये 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. 1 जानेवारी 2024 पासून व्हिक्टोरियाच्या सरकारी नैसर्गिक जंगलांत लाकूडतोड बंद झाली. 2025 मध्ये शेजारच्या न्यू साउथ वेल्समधून बातमी आली की कॉशियुस्को राष्ट्रीय उद्यानातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात लेडबीटर्स पॉसम टिपला गेलाय. नेहमीच्या टापूपासून कितीतरी दूर, तिथे तो असेल अशी फारशी कुणाला कल्पना नव्हती. या बातमीनं मला झालेला आनंद मी अजून लपवू शकत नाही.

कुणाला जायचं असेल तर मार्च-एप्रिल उत्तम. वणव्याचा जोर ओसरलेला असतो, बर्फ अजून पडायचं असतं आणि संध्याकाळी लवकर अंधार व्हायला लागतो. मुक्काम मेरिसव्हिलला करावा. स्टॅगच्या मोजणीला स्वतःहून न जाता स्थानिक गटाबरोबरच जावं, कारण कोणतं झाड धोक्याचं आहे ते त्यांना ठाऊक असतं. विजेरीला लाल कागद लावावा, कारण पांढऱ्या झोतानं या प्राण्यांच्या डोळ्यांना बराच वेळ दिसेनासं होतं. आणि सोबत गरम कपडे भरपूर. मार्चमध्येसुद्धा रात्री पारा आठ अंशांवर उतरला होता.